बोट चिखलात, रेघ पाण्याची : आंजर्ले खाडीतल्या एका मॉडेलचं प्रकरण

बोटीचं पहिलं मॉडेल वाईट नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. पुढे त्यातल्या खोटी एकेक करून निघणार आहेत आणि वाचणाऱ्याला वाटायचं, कुणा नवशिक्याचं काम असेल. ठाण्यातला माझा हा मित्र विमानांची आणि रणगाड्यांची किटं बरीच वर्षं करतोय. एअरब्रशवर हात बसलेला, बारीक कामाला चिकाटी दांडगी. त्याचे सासरे हर्णैचे. उभा जन्म दर्यावर गेला, नंतरची वर्षं स्वतःच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख म्हणून. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा बोट विकली आणि लेकीकडे राहायला आले. त्यांच्या पंचाहत्तरीला त्यांच्याच बोटीचं छोटं मॉडेल भेट द्यायचं, असं लेक-जावयाने ठरवलं.

कोकणातल्या मासेमारी बोटीचं किट बाजारात मिळत नाही, त्यामुळे सगळं हाताने. चुलत सासऱ्यांकडून मापं गुपचूप मागवली : लांबी १२ मीटर, रुंदी साडेतीनच्या आसपास. प्रमाण १:४८ धरलं, म्हणजे मॉडेल २५ सेंटिमीटर लांब आणि सात-साडेसात रुंद. हे प्रमाण सोयीचं, कारण विमानांच्या किटांमधली माणसं त्याच मापाची असतात. वैमानिकाचं हेल्मेट तासून काढलं की खलाशी तयार. सांगाडा प्लायचा, त्यावर बाल्साच्या आणि सागाच्या व्हिनियरच्या पट्ट्या, केबिन प्लास्टिक शीटची. टायर, दोर, बर्फाच्या पेट्या, बांबूंवरचे बावटे, सगळं जागच्या जागी. देखावा ओहोटीचा. आंजर्ले खाडीत बोट चिखलावर टेकलेली, मागच्या बाजूला पाण्याचा पट्टा, काठाला तिवरं. पाण्यासाठी दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचं निळसर, आरपार दिसणारं रेझिन, म्हणजे पातळ ओतायचं आणि मग घट्ट होणारं रसायन.

सासऱ्यांनी चष्मा लावून ते बराच वेळ न्याहाळलं. मग म्हणाले, "काम झकास झालंय जावयबापू. पण ही बोट दर्यात गेलेली नाही."

मित्र हे वाक्य मनाला लावून घेऊन डायोरामासकट, म्हणजे त्या सगळ्या देखाव्यासकट, माझ्याकडे आला. मला पाण्याच्या कामाची थोडी जास्त सवय, म्हणून. मी म्हटलं, मला काय विचारतोस, ज्यांनी खोट काढली त्यांनाच विचारू. त्या संध्याकाळी तांडेलांनी जी उलटतपासणी घेतली, तिच्यातून हे प्रकरण उभं राहिलं.

महिना कुठला?

हा त्यांचा पहिलाच प्रश्न. मित्राला कळेना. बोट चकचकीत रंगवलेली, फक्त कडांना थोडे टवके. बावटे नवे. जाळं डेकवर. केबिनवर मात्र निळी ताडपत्री ओढून बांधलेली.

यांत्रिक बोटींना राज्यात १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस मासेमारीबंदी असते. मे संपता संपता बोटी माघारी येतात. हर्णै बंदर उघड्यावर आहे. समोर सुवर्णदुर्ग असला तरी पश्चिमेच्या वाऱ्याला आणि लाटांना पुरेसा आडोसा नाही, म्हणून पावसाळ्यात आणि वादळाच्या इशाऱ्यात बोटी शेजारच्या आंजर्ले खाडीत शिरतात. बंदीच्या काळात डागडुजी आणि रंग होतो, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमाराला नव्या रंगाची बोट पाण्यात उतरते. म्हणजे बोटीच्या रंगाचं वय महिन्यावर ठरतं. ऑगस्टमध्ये ती नवरी असते, मेमध्ये दहा महिन्यांचं मीठ, ऊन आणि घासाघीस अंगावर घेतलेली. मित्राच्या मॉडेलवर रंग ऑगस्टचा, ताडपत्री जूनची आणि जाळं भर हंगामातलं. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी बरोबर होती, पण एका दिवसात बसत नव्हती.

आम्ही मे अखेर ठरवला. बोट नुकतीच खाडीत आलेली, जाळी उतरवून नेलेली, ताडपत्री अजून गुंडाळलेलीच. डेक रिकामा झाल्यावर मॉडेल अर्धं ओकंबोकं वाटेल अशी मित्राला धास्ती होती. पण रिकाम्या डेकवरच झीज दिसते. जाळ्याच्या ढिगाखाली ती झाकली जाते.

नाळ कुणीकडे?

दुसरा प्रश्न नांगराचा. देखाव्यात बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, समुद्राकडे होती, कारण तशी ती छान दिसत होती. तांडेलांनी बोटाने पाण्याचा पट्टा दाखवला. "पाणी उतरतंय ना? मग धार कुठून येते?" एकाच नांगरावर सोडलेली बोट धारेला तोंड देऊन उभी राहते. ओहोटीला धार खाडीतून समुद्राकडे वाहते, त्यामुळे नाळ वरच्या अंगाला, गावाकडे. त्याच स्थितीत ती चिखलावर टेकते आणि पुढची भरती येईपर्यंत तशीच राहते. पुढून-मागून दोर बांधून ठेवलेली बोट फिरत नाही, ती गोष्ट वेगळी. पण इथे दोर एकच होता आणि तोही नाळेवरून पुढे सैल पडलेला. ओहोटीत ताणून मग टेकलेल्या बोटीचा दोर सरळ असतो, चिखलात अर्धा रुतलेला, वर वाळायला लागलेल्या गाळाची साय.

ही दोन उत्तरं ऐकल्यावर मी वहीत लिहून ठेवलं : आधी पाणी ठरवायचं, मग बोट झिजवायची. आपण मॉडेलवाले नेमकं उलटं करतो. बोट पूर्ण करतो, वेदरिंग करतो म्हणजे रंगाने झीज आणि डाग दाखवतो, वार्निश मारतो आणि शेवटी पाणी ओततो, जसं काही ते चित्राची चौकट आहे. बोटीवरचा जवळपास प्रत्येक डाग पाण्याने केलेला असतो. कुठल्या पाण्याने, हे माहीत नसेल तर डाग नुसता रंग राहतो.

लाल रेघ आणि भरतीचे पट्टे

सगळ्यात मोठी खोट इथे होती. मला ती पहिल्या नजरेत दिसली नव्हती.

बोटीच्या बुडाला तांबडा रंग असतो आणि तो एका सरळ रेषेत संपतो. तरंगत्या बोटीला ही रेषा पाण्याला समांतर असते. मित्राने बोट पायावर तिरकी बसवली, मग चिखलाच्या सपाटीपासून ठरावीक उंचीवर मास्किंग टेप लावली आणि रेषा मारली. म्हणजे रेषा चिखलाला समांतर. बोट एका अंगावर कललेली, पण लाल पट्टा दोन्ही बाजूंना सारख्याच उंचीवर! डोळ्याला काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही. तांडेलांना सांगता आलं. "कललेल्या बोटीचं एका बाजूचं पोट उघडं पडतं, दुसरीकडचं गाडलं जातं. इथे दोन्हीकडे सारखंच कसं?"

दहा अंशांचा कल आणि सव्वासात सेंटिमीटर रुंदी धरली तर दोन्ही बाजूंच्या रेषांच्या उंचीत सव्वा सेंटिमीटरपर्यंत फरक पडायला हवा. एवढ्याशा मॉडेलवर तो लपत नाही.

रेषा मारण्याची रीत जुनी आणि सोपी आहे. पायावर बसवण्याआधी बोट सपाट काचेवर ठेवायची, प्लास्टिसिनचे (खेळायच्या मऊ मातीचे) गोळे लावून ती तरंगताना असते तशी समतोल करायची, एका ठोकळ्यावर पेन्सिल आडवी पक्की करायची आणि ठोकळा काचेवरून सरकवत बोटीभोवती फिरवायचा. रेषा आपोआप एका पातळीत येते. मग बोट हवी तशी कलंडवा, रेषा तिच्याबरोबर कलंडते.

दुसरी गंमत भरतीच्या पट्ट्यांची. मित्राने बोटीच्या कडेवर शेवाळाचे तीन आडवे पट्टे काढले होते, एकाखाली एक, खाली गडद आणि वर फिके. कल्पना अशी की भरतीचं पाणी चढतं-उतरतं, त्याच्या खुणा. रंगकाम देखणं होतं. पण बोट भरतीबरोबर वर चढते! पाणी मीटरभर वाढलं की बोटही मीटरभर वर जाते. तिच्या अंगावर पाणी होतं तिथेच राहतं. भरतीचे पट्टे पडतात ते जागेवरून न हलणाऱ्या गोष्टींवर : धक्क्याचे दगड, रोवलेले खांब, तिवराची खोडं. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी साडेचार मीटरच्या वर जातं, आणि जेट्टीच्या खांबांवर ती सगळी वाटचाल वाचता येते. खाली कालवं आणि बार्नेकल (दगडाला चिकटून राहणारे कवचाचे जीव), मध्ये हिरवं शेवाळ, वर काळपट ओल, त्याच्यावर कोरडा दगड.

बोटीवर दिसते ती ओझ्याची खूण. बर्फ, डिझेल, पाणी, मासळी भरली की बोट खाली बसते. पाण्याच्या पातळीला बोटीचं क्षेत्रफळ २५ चौरस मीटर धरलं, तर अडीच टन ओझ्याला ती साधारण दहा सेंटिमीटर बसणार. मॉडेलवर दोन मिलिमीटर. तेवढाच एक हिरवट, बुळबुळीत पट्टा लाल रेषेच्या वर, वरची कड तुटक. बास. शिवाय रोज एकाच जागी टेकणाऱ्या बोटीच्या पोटाला खाली गाळाचा एक वेडावाकडा किनारा असतो. तो मात्र चिखलाच्या बाजूने ठरतो, पाण्याच्या नाही.

तीन पट्टे पुसले आणि ते तसेच्या तसे डायोरामातल्या धक्क्याच्या दगडांवर नेले. तिथे ते शोभले. रंग तोच, फक्त जागा बदलली.

गंज कशाला?

जगभरच्या मॉडेलवाल्यांना गंज फार आवडतो, आणि त्याला कारण आहे : तो करायला मजा येते आणि फोटोत उठून दिसतो. पोलादी जहाजावर तो हवाच. पण ही बोट लाकडी. लाकूड गंजत नाही. मित्राने कडेभर नारिंगी ओघळ सोडले होते.

गंज लोखंडाजवळच सुरू होतो. खिळ्याचं डोकं, नांगराची साखळी, सुकाणूच्या बिजागऱ्या, सायलेन्सरचा पाइप. तिथून खाली पाणी जाईल तसा एक बारीक ओघळ, वर गडद आणि खाली विरत गेलेला. बाकीच्या अंगावर लाकडी बोटीची झीज निराळी असते. रंग फळ्यांच्या सांध्यांवर आधी फुगतो, मग पापुद्रे निघतात. उघडं लाकूड उन्हाने राखाडी पडतं. हल्ली पुष्कळ बोटींवर फायबरचा थर चढवलेला असतो. तिथे पापुद्रे कमी, रंग पिठासारखा फिका पडतो. ही बोट जुन्या धाटणीची, फायबर न लावलेली होती.

आणि झीज दोन्ही अंगांना सारखी नसते. हे तांडेलांनी असं सांगितलं, जसं काही प्रत्येकाला ठाऊक असतं : "आमची जाळ्याची ओढ उजव्या अंगाला. तिकडचा काठ बघा, रंग राहतो का." मित्राने दोन्ही काठ सारखेच घासले होते. डाव्या काठाचा रंग आम्ही परत भरला. उजव्या काठावर मात्र मधल्या दोन मीटरभर, म्हणजे मॉडेलवर चार सेंटिमीटर, रंग ठेवलाच नाही. तिथे नुसतं लाकूड, दोराने गुळगुळीत झालेलं.

रेझिनमधून बोट सोडवणं

आता हे सगळं करायचं तर बोट बाहेर काढायला हवी होती आणि तिचा मागचा तिसरा भाग पाण्यासाठी ओतलेल्या, घट्ट झालेल्या इपॉक्सी रेझिनमध्ये रुतलेला. मित्र नवी बोट बांधायच्या तयारीला लागला होता. त्याची गरज नव्हती. हौशी कामाची पुष्कळ इपॉक्सी रेझिनं ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडतात. वितळत नाहीत, रबरासारखी होतात. केस वाळवायच्या ड्रायरने एका वेळी थोडाच भाग तापवायचा, पातळ पात्याने बोटीपासून बोटभर अंतरावर कापत जायचं, थंड होऊ द्यायचं, परत तापवायचं. बोट लाकडी म्हणून हे जमलं. प्लास्टिकच्या किटला ड्रायर लावला असता तर रेझिनबरोबर तीही वाकली असती. खिडकी उघडी आणि तोंडाला मास्क हवा, हे वेगळं सांगायला नको. बुडाचा रंग रेझिनबरोबर निघून आला. तो बदलायचाच होता.

बोटीचा रंग नव्याने

आधी लाकडाचा रंग : गडद तपकिरी, त्यावर राखाडी, मग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट राखाडी, फळीच्या लांबीच्या दिशेने. हा थर लॅकरचा, पाण्याने न विरघळणारा. वर हेअरस्प्रेचे दोन पातळ हात. त्यावर ॲक्रिलिक निळा आणि काठाला पिवळा. मूळ रंगात थोडा पांढरा मिसळून घेतला, कारण छोट्या वस्तूवर डब्यातला रंग आहे त्यापेक्षा गडद वाटतो. रंग हाताला कोरडा लागला की त्याच दिवशी ओल्या, आखूड केसांच्या ब्रशने टोचत जायचं. पाणी खाली झिरपतं, हेअरस्प्रे सुटतो आणि वरचा रंग टवक्यांनी निघतो. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलात तर रंग हट्टी होतो आणि मोठमोठे तुकडे तरी निघतात, नाहीतर काहीच निघत नाही. सांध्यांवर जास्त टोचलं, फळीच्या मध्यावर कमी.

मग वार्निश. त्याच्या वर तैलरंग. ट्यूबमधला रंग आधी पुठ्ठ्यावर काढून ठेवायचा म्हणजे जादा तेल पुठ्ठा पितो आणि रंग मॅट बसतो. रॉ अंबर (मातकट तपकिरी) आणि काळा पातळ करून सांध्यांत सोडला. टायर टांगलेले असतात तिथे कडेवर काळे, धनुष्यासारखे घासे आले. टायर झुलतो, म्हणून रेघ सरळ येत नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी, मागच्या दिशेने पसरलेली. डिझेल भरायच्या तोंडाखाली एक तेलकट ओघळ, त्याला शेवटी किंचित चमक. केबिनच्या टपावर बगळ्यांची आणि कावळ्यांची पांढरी कृपा.

एका गोष्टीवर माझं आणि तांडेलांचं जमलं नाही. नाळेवरचं बोटीचं नाव आणि मागचा नोंदणी क्रमांक मी बाकीच्या रंगाइतकेच उडवले होते. त्यांना ते मुळीच पटलं नाही. "नाव कुणी पुसट होऊ देतो का? बाकी रंग नसला तरी चालेल, नाव दर खेपेला हाताने गिरवतात." माझ्या डोळ्याला ते कोरं नाव झिजलेल्या बोटीवर चिकटवल्यासारखं दिसतं, अजूनही. पण बोट त्यांची होती, नाव त्यांच्या आईचं होतं. परत लिहिलं. क्रमांक मात्र तसाच पुसट ठेवू दिला.

चिखल

मित्राने आंजर्ल्याहून बाटलीभर खरा गाळ मागवला होता आणि तोच लावायचा त्याचा बेत होता. मी अडवलं. खाडीच्या गाळात मीठ असतं. दमट हवेत ते पाणी ओढतं, कोरड्या हवेत पांढरं होऊन वर येतं. शिवाय त्यातला कुजका भाग बंद झाकणाखाली बुरशी धरतो. गाळ रंग जुळवण्यापुरता वापरला. एका काचपट्टीवर ओला थापला, दुसरीवर वाळवला. ओला जवळजवळ काळा-हिरवट, वाळला की फिका राखाडी. या दोन टोकांमध्ये सगळा देखावा बसवायचा होता.

पायाला घट्ट, निळा-गुलाबी इन्सुलेशन फोम. साधा थर्माकोलही चालतो, पण कापताना दाणे सुटतात. फोमवर वॉल पुट्टी, पांढरा गोंद आणि ॲक्रिलिक रंग यांचं दह्यासारखं मिश्रण. बोट जिथे टेकणार तिथे मिश्रण ओलं असतानाच प्लास्टिकच्या पातळ फिल्ममध्ये गुंडाळलेली बोट दाबून उचलून घेतली, म्हणजे तिचा साचा मिळाला. ही पायरी महत्त्वाची. सुकलेल्या चिखलावर ठेवलेली बोट चिखलात बसत नाही, चिखलावर उभी राहते. पोटाच्या एका बाजूला वाहत्या पाण्याने केलेली छोटी खळगी, तिच्यात थोडं साचलेलं पाणी. उतरत्या पाण्याच्या सुरकुत्या, वेड्यावाकड्या नाल्या, आणि काठाकडून बोटीपर्यंत येणारी माणसाच्या पावलांची एक ओळ. ती खोल हवी, चिखलात माणूस घोट्यापर्यंत जातो. मॉडेलवर दोन मिलिमीटर.

ओल्या-सुक्याचा खेळ मात्र रंगापेक्षा चमकेने होतो. सगळीकडे एकच मॅट रंग, थोडा फिका. मग त्याच रंगावर पाण्याजवळ ग्लॉस म्हणजे चकचकीत वार्निश, मध्ये सॅटिन म्हणजे कमी चमकेचं, वरच्या अंगाला काहीच नाही. ग्लॉस चढला की तोच रंग आपोआप गडद दिसतो, ओल्या मातीसारखा. वेगळा ओला रंग बनवायची गरज पडत नाही.

तिवराची मुळं जमिनीतून वर डोकावतात, वीत-दीड वीत उंच. १:४८ ला पाच-सात मिलिमीटर. जुन्या रंगाच्या ब्रशचे केस कापून, गोंदात बुडवून, शेकड्याने रोवले. हे काम मित्राच्या लेकीने केलं आणि आम्हा दोघांपेक्षा बरं केलं, कारण तिने ते ओळीत लावले नाहीत.

पाणी, शेवटी

निळं आरपार रेझिन काढून टाकायचं म्हटल्यावर मित्राचा जीव खालीवर झाला. त्यावर पैसे गेले होते. पण कोकणातली खाडी मेमध्येही गढूळ असते, पावसात तर विचारूच नका. वितीच्या खाली हात दिसत नाही. तांडेल म्हणाले, "हे पाणी लक्षद्वीपचं." पाणी आरपार नसेल तर त्याला जाडीही लागत नाही. खोली रंगाने दाखवायची. मधल्या धारेत गडद, शेवाळी तपकिरी. काठाकडे चिखलाचाच रंग, आणि दोन्हींच्या मध्ये कुठेही रेघ दिसता कामा नये. त्यावर रेझिनचा दोन-तीन मिलिमीटरचा एकच थर, त्यात रॉ अंबरचा टाचणीच्या डोक्याएवढा तैलरंग मिसळून. पातळ थराचा आणखी एक फायदा : तो तापत नाही. जाड थर एकदम ओतला की रेझिन स्वतःच्या उष्णतेने तापतं, चिरतं, पिवळं पडतं, आणि खालचा फोम वितळवायलाही कमी करत नाही. पॉलिएस्टर रेझिन तर फोमला नुसतं लागलं तरी तो खाऊन टाकतं. इथे इपॉक्सीच हवं.

ओतायचं पावसाळ्यात होतं, आणि दमट हवेत इपॉक्सीवर चिकट, मेणचट साय धरते. खोलीत एसी आधी चालू करून हवा कोरडी केली. रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर दागिन्यांच्या छोट्या काट्यावर वजनाने मोजले. बाटलीवरचं प्रमाण वजनाचं की मापाचं, हे वाचून घ्यायचं. दोन्ही सारखी नसतात. बाटली कोमट पाण्यात ठेवली की रेझिन पातळ होतं आणि बुडबुडे कमी धरतं. पायावर आधी ब्रशने एक पातळ हात दिला, म्हणजे पुट्टीच्या छिद्रांतली हवा वर येत नाही. कडेला काचेच्या पट्ट्यांना पॅकिंगची टेप चिकटवून बांध घातला. टेपला रेझिन धरत नाही. ओतल्यावर वर खोका उपडा घातला, धुळीसाठी. एवढं करूनही थोडी साय आलीच. ती कोमट साबणाच्या पाण्याने पुसून निघते, पण पुढचा थर द्यायच्या आधीच पुसायला हवी.

रेझिन बोटीच्या मागच्या फळ्यांवर जरासं चढलं, केशाकर्षणाने. एरवी मी त्यावर मॅट वार्निश मारून ती चकाकी मारतो. इथे मोजलं तर ते दोन मिलिमीटर निघालं, म्हणजे खऱ्या बोटीवर दहा सेंटिमीटरही नाही. बोट पाण्यात डुचमळताना एवढी ओल राहतेच. ठेवलं.

लाटा जेलच्या. पहिल्या मॉडेलवर त्या सेंटिमीटरभर उंच होत्या. ४८ ने गुणा : जवळपास अर्धा मीटर. आडोशाच्या खाडीत, ओहोटीला, अशा लाटा आल्या तर बोटी दोर तोडतील. खाडीत वाऱ्याची शिरशिरी असते, चार-पाच सेंटिमीटर, म्हणजे मॉडेलवर मिलिमीटरभर. ग्लॉस जेल मीडियम ब्रशने अगदी पातळ टोचत गेलो, सगळं एकाच दिशेने, कारण वारा एकच. ओलं असताना ते दुधासारखं दिसतं, सुकलं की स्वच्छ होतं. बोटीच्या आडोशाला पाणी गुळगुळीत सोडलं. काठाला फेसाची एक मळकट, तुटक ओळ, तिच्यात झावळीचा तुकडा, एक नारळ आणि, तांडेलांच्या आग्रहाने, प्लास्टिकची बाटली. "ती नसेल तर खाडी कसली?"

नांगराच्या दोराने सगळ्यात छळलं. धाग्याला स्वतःचं वजन नसतं, तो या मापात हवेत ताठ उभा राहतो. पातळ गोंदात भिजवून, खाली चिमटा टांगून, ताणून वाळवला, तेव्हा कुठे सरळ झाला. मग अर्ध्या लांबीवर गाळ थापला.

डायोरामा आता ॲक्रिलिकच्या झाकणाखाली, खिडकीपासून लांबच्या भिंतीवर आहे. इपॉक्सी उन्हाने पिवळं पडतं. गढूळ पाण्यात ते कमी कळेल, पण चिखलावरच्या ग्लॉसमध्ये कळेल. तांडेलांनी दुसऱ्यांदा तपासणी केली तेव्हा चिखलात ठेवलेल्या निवट्यांवर (चिखलात सरपटणाऱ्या छोट्या माशांवर) आक्षेप घेतला : मे महिन्यात इतके नसतात आणि एवढे मोठे तर कधीच नसतात. चार मिलिमीटरचा निवटा खऱ्या मापात एकोणीस सेंटिमीटर होतो, तेव्हा मोठेपणाबद्दल त्यांचं बरोबर होतं. त्यातले तीन काढले. छोटी होडी, बोटीच्या मागे बांधायची, अजून व्हायची आहे. तिची वल्ही झाली आहेत, पण तांडेलांच्या मते ती फार लांब आहेत.